कळणं आणि कळवणं

मी इंग्रजीची शिक्षिका होते एवढंच तुम्हा दोघांना माहीत आहे. शाळा सोडल्यावर काही वर्षं मी हिंजवडीच्या एका कंपनीत जात होते, हे तुमच्या आईने सांगितलेलं दिसत नाही. नाहीतर परवा फोनवर धाकट्याने 'आजी, राउटर म्हणजे काय ते मी तुला समजावतो' असं म्हटलं नसतं. मी सगळं ऐकून घेतलं. चांगलं समजावलंस. पण त्या यंत्राच्या पोटात काय चालतं यावर मी एक अख्खं जाडजूड पुस्तक तपासलं आहे, आणि त्या पुस्तकापायी एका बाईचा मी जेवढा हेवा केला तेवढा जन्मात कुणाचा केला नाही. क्रमाने सांगते.

कासार आंबोलीत घर बांधून आम्ही राहायला आलो तेव्हा डोंगरापलीकडे हिंजवडीत काचेच्या इमारती उठत होत्या. तुमच्या आजोबांना बाग करायची होती. मला बागेत काहीही करायचं नव्हतं. राउटर बनवणाऱ्या एका कंपनीला इंग्रजी तपासणारं माणूस हवं आहे असं ओळखीतून समजलं. यंत्राबरोबर ग्राहकाला द्यायची माहितीपुस्तकं तिथले इंजिनिअर स्वतःच लिहीत, आणि वाक्य सुरू झालं की क्रियापद कुठेतरी वाटेत उतरून जाई. त्यांनी मला नमुन्याची काही पानं दिली. मी ती लाल करून परत केली आणि दुसऱ्या सोमवारपासून कामाला लागले.

कंपनीची जीप पौडहून निघे, आंबोलीच्या फाट्यावर मला घेई आणि घोटावडे फाट्यावरून माणमार्गे हिंजवडीला पोचे. ड्रायव्हरशेजारची जागा माझी. तसं कुणी ठरवलं नव्हतं, वयामुळे पडलेली पद्धत. रस्त्यात मेंढरं आडवी आली की मागची मुलं घड्याळं बघत आणि मी मांडीवरची प्रुफं.

आता राउटरकडे येते. धाकट्या, तू म्हणालास ते बरोबर आहे, तो फाट्यावर उभा राहून गाड्या वळवणारा माणूस आहे. पण पुढचा रस्ता चालू आहे की बंद, हे त्याला कसं कळतं? तर पुढच्या फाट्यांवरच्या राउटरांशी बोलून. त्या धंद्यात त्यांना 'शेजारी' असंच म्हणतात, आणि हा शब्द वाचला तेव्हाच मला ते काम आवडलं. शेजाऱ्यांचं बोलणं अखंड चाललेलं असतं. मी आहे, तू आहेस ना, माझ्याकडून अमक्या गावाला जाता येतं. एखादा शेजारी गप्प झाला की बाकीचे तो गेला असं धरतात, त्याच्याकडे काही पाठवेनासे होतात, आणि ही बातमी आपापल्या शेजाऱ्यांना सांगत सुटतात. सगळ्या गावाच्या वाटा बदलतात. एवढा गोंधळ एका यंत्राचं डोकं क्षणभर बंद पडल्याने.

म्हणून मोठ्या राउटरला डोकी दोन असतात. कंट्रोल कार्ड म्हणतात त्यांना, शाळेतल्या पाटीएवढे पत्रे. एक काम करतं आणि दुसरं शेजारच्या खाचेत बसून राहतं. त्या बसून राहणाऱ्याला स्टँडबाय म्हणायचं. पहिलं बिघडलं की दुसऱ्याने काम हाती घ्यायचं. तेवढ्या वेळात गाड्या वळवणारे हात थांबत नाहीत, ते आधीच्या हुकमावर काही काळ चालतात. अडचण बोलण्याची असते. शेजाऱ्यांचं काय करायचं?

त्याला दोन रीती होत्या. पहिली रीत सांगून करण्याची. शेजाऱ्यांशी आधीच करार करून ठेवायचा: मी जरा गप्प झालो तरी मेलो असं समजू नका, माझ्याकडे पाठवत राहा, मी परत बोलायला लागेन. हिचं इंग्रजी नाव 'ग्रेसफुल रीस्टार्ट'. ही मला लगेच समजली, कारण आमच्या कुंपणापलीकडे शेळ्यामेंढ्या पाळणारं एक कुटुंब होतं. दिवाळी झाली की ते कळप घेऊन कोकणात उतरत, आणि निघायच्या आदल्या दिवशी त्या घरची बाई दारोदार जाऊन सांगून येई, आमी चाललो, घराकडं ध्यान ऱ्हाऊ द्या. दुसरी रीत न सांगता करण्याची. स्टँडबायने पहिल्याचं प्रत्येक बोलणं ऐकत राहायचं, त्याची सगळी माहिती आपल्याकडे उतरवून घ्यायची, आणि वेळ आली की त्याच्याच नावाने, त्याच्याच आवाजात वाक्य पुढे न्यायचं. शेजाऱ्याला पत्ताही लागता कामा नये. हिला 'नॉनस्टॉप राउटिंग' म्हणत. आमची कंपनी हीच दुसरी रीत तयार करत होती आणि मी तपासत होते ते पुस्तक तिचंच. मलाही तीच रीत पसंत होती. घरातली गोष्ट शेजाऱ्यांना कळू नये अशाच संस्कारात मी वाढले.

मग कंपनीने मलाही एक स्टँडबाय आणून बसवली.

आमचे प्रमुख माझ्या मुलाच्या वयाचे होते, फार अदबीने बोलायचे. म्हणाले, मॅडम, कुठलंच काम एका माणसावर अडता कामा नये, वरून नियमच आलाय. तिशीची एक बाई आली, लातूरकडची. शिक्षण मराठीतून, पुढे इलेक्ट्रॉनिक्स. घोटावडे फाट्यावर भाड्याने राहायची आणि तिथेच जीपमध्ये चढायची. मागच्या बाकावर बसली की जीप बोलायला लागे. माझ्यासमोर गप्प बसणारी मुलं तिच्यापाशी हसत. जेवणाच्या सुट्टीतही तेच. माझ्या टेबलाशी आलेला मुलगा शर्ट नीट करी, आणि तिच्या टेबलाशी आलेला तिच्या डब्यातली चटणी उचले. दोन आठवड्यांत सगळे तिला 'मॅडमचं स्टँडबाय कार्ड' म्हणायला लागले, आणि ती त्यावर सगळ्यात मोठ्याने हसे.

आमचं पहिलं भांडण एका वाक्यावरून झालं. तिने लिहिलं होतं की कार्ड बदललं तरी शेजाऱ्याला ते कळत नाही, आणि इंग्रजीत 'कम टू नो' असं घातलं होतं. हे इंग्रजी नव्हे. हे 'कळतं'चं शब्दशः ओझं आहे, आणि शाळेत मी असल्या वाक्यांवर पिढ्यान् पिढ्या लाल रेघा ओढल्या होत्या. मी ते खोडून 'शेजाऱ्याला नोटिफाय केलं जात नाही' अशा अर्थाचं केलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर तिने माझं खोडून आपलं परत लिहिलेलं.

मी तिला बोलावलं. ती खुर्ची ओढून बसली.

"मॅडम, माझं इंग्रजी चुकलं असंल. पण कळणं वेगळं आणि कळवणं वेगळं."

मग तिने सांगितलं की राउटरांच्या बोलण्यात 'नोटिफिकेशन' नावाचा एक ठरलेला निरोप असतो. पण तो पाठवला नाही म्हणजे झालं असं नाही. काहीच न कळवता तुम्ही नुसते गप्प झालात तरी शेजारी ओळखायचं ते ओळखतो. आपण विकतोय ती गोष्ट न कळवण्याची नव्हे, न कळण्याची आहे.

बराच विचार करून मी तिसरंच वाक्य बसवलं, शेजारी अनभिज्ञ राहतो अशा अर्थाचं, निर्दोष इंग्रजीत. ती म्हणाली, "हां, हे चाललं." हे चाललं म्हणणारी ती कोण, असं मला संध्याकाळी जीपमध्ये वाटत राहिलं. आणि वाक्य माझं असूनही ते निम्मं तिचं झालं होतं, हेही.

त्याच सुमाराला एका दुपारी आम्हाला प्रयोगशाळेत बोलावलं. पुस्तकात लिहिलंय तसं खरंच होतं का हे पाहायचं होतं. कपाटाएवढा राउटर, त्याच्या दोन्ही बाजूंना शेजारी राउटर, आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाच्या पडद्यावर क्रिकेटचा जुना सामना चाललेला. चित्र सगळं त्या मधल्या राउटरमधून जात होतं. एका इंजिनिअरने चालू कार्डाच्या खिट्ट्या सोडल्या आणि ते सरळ बाहेर ओढलं. आता चित्र थबकणार म्हणून मी पडद्याकडे पाहत होते. गोलंदाज धावत येत होता तो धावतच आला, चेंडू पडला, फलंदाजाने तटवला. बाजूच्या कार्डावरचा पिवळा दिवा तेवढा हिरवा झाला. शेजारी राउटरांकडच्या नोंदी पाहिल्या, त्यांच्या लेखी काहीही घडलं नव्हतं. टाळ्या झाल्या. माझी स्टँडबाय तर स्वतःच्या घरचं कार्य असल्यासारखी खुलली होती.

काढलेलं कार्ड टेबलावर ठेवलं होतं. मी सहज हात लावला. ते अजून गरम होतं. "मॅडम, हात नका लावू," कुणीतरी म्हणालं आणि ते पिशवीत घातलं. एका पत्र्याचं मला वाईट वाटलं असं लिहिलं तर तुम्ही हसाल, पण मला वाटलं खरं. निदान त्या गोलंदाजाने अर्धं पाऊल तरी अडखळायला हवं होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी तुमच्या आईचा फोन आला. थोरले, तू येणार होतीस. बाळंतपणाला मी तिकडे यायचं ठरलं, जवळपास तीन महिने. पुस्तक नेमकं शेवटच्या टप्प्यावर होतं. ते ज्या ग्राहकासाठी होतं ती युरोपातली एक टेलिफोन कंपनी होती, आणि तिच्या वतीने एक वयस्कर गृहस्थ आमचं प्रकरणामागून प्रकरण तपासत असत. दोन वर्षं आमचा पत्रव्यवहार होता, सगळा ईमेलने. माणूस अतिशय काटेकोर. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तर विचारणार. त्यांचं माझ्याबद्दलचं मत चांगलं आहे हे मला ठाऊक होतं आणि मी ते जपत होते. प्रत्येक पत्राच्या शेवटी ते एक ओळ कामाबाहेरची लिहीत. आज कालवा गोठला. आमच्या नासपतीच्या झाडाला मोहर आला. त्या ओळीला मी कधी उत्तर दिलं नाही. कचेरीच्या पत्रात कचेरीचंच लिहावं ही माझी शिस्त. पण पत्र आलं की आधी मी शेवटची ओळ वाचायची.

आमचे प्रमुख म्हणाले, "मॅडम, त्यांना कळायला नको. माणूस बदललाय म्हटलं की ते सगळी प्रकरणं पुन्हा तपासायला मागतील." ठरलं असं की माझ्या जागी तिने काम करायचं, पण माझ्या नावाने आणि माझ्याच टपालपेटीतून. मला तेव्हा तो माझा गौरव वाटला. मी जाते आहे हेसुद्धा कळू द्यायचं नाही, इतकं माझं नाव मोठं. मी तिला सगळं दाखवलं. पत्राची सुरुवात कशी करते, शंका आली तर कोणत्या शब्दांत मांडते, कुठे 'कृपया' घालते आणि कुठे नाही. ती सगळं उतरवून घेत होती.

कुंपणापलीकडच्या बाईला मात्र मी काही सांगितलं नाही, आणि तुमच्या आजोबांकडूनही कुणाला न सांगण्याचा शब्द घेतला. तिने बॅगा पाहिल्या असाव्यात. "बाई, कुटं निगालात का?" म्हणाली. मी म्हटलं, इथेच, लेकीकडे.

तिकडे तुझा जन्म झाला. तू दिवसा झोपायचीस आणि बाकीच्या वेळी सगळ्या घराला कामाला लावायचीस. एका दुपारी तू माझ्या खांद्यावर झोपली होतीस आणि तुझी आई आत आडवी झाली होती. तिचा संगणक चालू होता. मी एका हाताने माझी टपालपेटी उघडली. नुसतं बघावं म्हणून.

तिथे मी रोज कामावर जात होते. माझी पत्रं नियमाने सुटली होती, नियमाने उत्तरं आली होती, दोन प्रकरणं मंजूर झाली होती. मी खाली खाली वाचत गेले. सुरुवात माझी होती, 'कृपया' माझ्या जागी होतं. एके ठिकाणी इंग्रजीतलं एक उपपद राहून गेलं होतं, ते पाहून मला बरं वाटलं, आणि त्यावर त्या गृहस्थांनी चकार शब्द काढला नव्हता हे पाहून तेवढंच वाईट. मग एका पत्राच्या शेवटी मला हे दिसलं. मी त्यांना विचारलं होतं, यंदा नासपतीला फळं धरली का? आमच्या दाराशी चिंच आहे, ती यंदा लागलीच नाही.

माझ्या दाराशी चिंच नाही. चिंच तिच्या लातूरच्या घराशी असणार.

आणि त्या गृहस्थांनी उत्तर दिलं होतं. एक ओळ नव्हे, दोन परिच्छेद. झाड त्यांच्या वडिलांनी लावलं होतं. फळं कधी तोडायची यावर त्यांचं बायकोशी दरवर्षी भांडण होई, आणि बायको गेल्यापासून ते फळं तिच्या मताने तोडत होते. दोन वर्षांत मला माहीत नव्हतं की त्यांना बायको होती आणि ती गेली. हे सगळं माझ्या नावावर आलं होतं, आणि त्यातलं काहीच माझं नव्हतं. तू खांद्यावर हललीस. मी संगणक बंद केला. तुझ्या आईने विचारलं, ऑफिसात सगळं ठीक ना? मी म्हटलं, अगदी सुरळीत.

परत आले तेव्हा आधी कुंपणापलीकडची बाई भेटली. पाणी भरत होती.

"नात झाली म्हनं. मला न्हाई सांगितलं, पर कळलंच की."

कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "सांगाया कशाला लागतंय? सायबांनी जिलेबी वाटली. पोरगं आसतं तर पेढं आलं आसतं."

तुमच्या आजोबांनी कुणाला एक शब्दही न सांगता, मला दिलेला शब्द पाळून, फक्त जिलेबी वाटली होती.

ऑफिसात गेले तर लोक 'आलात का मॅडम' म्हणाले, जणू मी पौडला तहसील कचेरीत जाऊन आले. जीपमधली माझी जागा रिकामी होती एवढंच एक. ती अजून मागच्या बाकावरच चढत होती. प्रमुखांनी मला बोलावून चहा मागवला. काम इतकं बेमालूम झालं की ते स्वतः थक्क होते. म्हणाले, मॅडम, आता तुम्ही दगदग कशाला करता. आठवड्यातून दोनदा या, नजर टाका. बाकी ती करेलच. पत्रं तुमच्याच नावाने जाऊ देत, आता ग्राहकाला मुद्दाम कशाला कळवायचं? पगाराचंही ते काही वाईट बोलले नाहीत. पण मला टेबलावरचं ते गरम कार्ड दिसायला लागलं. फरक एवढाच की माझ्या नावाची पाटी दाराला तशीच राहणार होती आणि आत नासपतीच्या गप्पा चालणार होत्या.

त्या संध्याकाळी घोटावडे फाट्यावर मीही तिच्याबरोबर उतरले. जीप पुढे गेली. मला दुसरी गाडी मिळणार होती का, हा विचारसुद्धा मी केला नव्हता. मी तिला म्हटलं, काम ठीक आहे, पण माझ्या नावाने झाडाची चौकशी करायची काय गरज होती?

ती आधी हसली, मग माझा चेहरा पाहून थांबली. "ते रोज एक ओळ लिहायले, मॅडम. कुणी उत्तरच देईना. मला कसंतरी व्हायलं."

मी म्हटलं, ती ओळ मला लिहिलेली होती.

"हो ना. तुम्हालाच." मग पिशवी दुसऱ्या हातात घेऊन ती म्हणाली, "खरं सांगू? तुम्ही जायच्या आधी एक प्रकरण मी माझ्या नावानं पाठवलं होतं. चार शंका काढल्या त्यांनी. नंतर तसलंच तुमच्या नावानं पाठवलं, तर एका दिवसात मंजूर. तुम्हाला माझा राग येत असंल. मला तुमच्या नावाचा येतो."

आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या होतो आणि समोरून कंपन्यांच्या गाड्या जात होत्या. तिला माझं नाव हवं होतं. मला तिची चिंच हवी होती. प्रमुखांच्या बेताप्रमाणे झालं असतं तर दोघींनाही ते मिळालं नसतं. ती जन्मभर माझ्या सहीखाली लिहीत राहिली असती, आणि मी आठवड्यातून दोनदा जाऊन दुसरीने मिळवलेली शाबासकी वाचली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या गृहस्थांना पत्र लिहिलं. चार वाक्यं. अमक्या काळात मी रजेवर होते, या काळातलं काम आणि पत्रं माझ्या सहकारी बाईंची आहेत, हे आपल्याला आधी कळवायला हवं होतं, यापुढे दोघींच्या नावे लिहावं. कुणालाही न विचारता ते पाठवलं. प्रमुखांचा चेहरा उतरला. "मॅडम, विचारायचं तरी." मी म्हटलं, विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात. ते म्हणाले, आता सगळी प्रकरणं परत येतील बघा. ती तर दिवसभर माझ्याकडे आलीच नाही. पुस्तक अडलं असतं तर पहिला बोल तिच्यावर आला असता, माझ्यावर नव्हे, हे तिला माहीत होतं.

पुढे ऑफिसात लोक म्हणाले, मॅडमचं मन मोठं. तुमची आईही तेच म्हणाली. ते खरं नाही. दुसरीच्या गोडव्याबद्दल माझं कौतुक झालेलं मला सहन होत नव्हतं. मला माझं नाव परत हवं होतं, कितीही रुक्ष असलं तरी माझं.

उत्तर यायला दोन दिवस लागले. त्यांनी लिहिलं होतं की हे त्यांना रजेच्या दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. आणि इंग्रजीत त्यांनी नेमके शब्द वापरले होते 'केम टू नो'. स्वल्पविराम तुमचेच होते, पुढे त्यांनी लिहिलं होतं, पण दोन वर्षांत तुम्ही मला झाडाबद्दल कधी विचारलं नव्हतंत. काम थांबलं नव्हतं म्हणून मीही काही विचारलं नाही. कुठलंही प्रकरण परत पाठवायची गरज त्यांना दिसत नव्हती. पुस्तकाच्या पहिल्या पानावर मात्र दोघींची नावं छापावीत अशी त्यांची सूचना होती.

मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मी नसल्याचं त्यांना जाणवलं होतं, म्हणजे गोलंदाज अडखळला होता. जे मला हवं होतं ते मिळालं होतं. पण अडखळून तो जास्त चांगला धावला होता, त्याचं काय करायचं हे कुणी पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

तिला मी पत्र दाखवलं. तिने शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "बघा मॅडम, कळवलं नव्हतं, तरी कळलं. तुमचं ते नोटिफायचं वाक्य चुकीचंच होतं." मग "नाव छापणार म्हणतात?" असं विचारलं, आणि पुन्हा एकदा वाचायला मागितलं.

त्यानंतर मीही त्यांना झाडाबद्दल विचारून पाहिलं. व्याकरणशुद्ध दोन वाक्यांत. फळांचा हंगाम संपला आहे, चौकशीबद्दल आभारी आहे, असं एका ओळीत उत्तर आलं. तिच्या नावे त्याच आठवड्यात नासपतीचा मुरंबा कसा करतात ते सविस्तर आलं होतं. चिंचेचं काय करतात हे तिने त्यांनी न विचारताच सांगितलं होतं म्हणे.

पुस्तक छापून आलं तोवर मी हिंजवडीला जाणं सोडलं होतं. माझी प्रत इथे कपाटात आहे, पुढच्या खेपेला आलात की दाखवीन. ती घरी आली त्या संध्याकाळी तुमच्या आजोबांनी ती हातात घेतली, पहिलं पान उघडलं आणि चष्मा वर करून विचारलं, "हिचं नाव आधी कसं?"

मी म्हटलं, आडनावांच्या इंग्रजी अकारविल्ह्याने. तिचं अक्षर माझ्या आधी येतं.

"असा नियम आहे?"

कंपनीत लिखाणाचे नियम होते. मी रुजू झाले त्या वर्षी ते मीच घालून दिले होते, आणि त्यात हाही होता. नावं एकाहून अधिक असतील तर ती आडनावाच्या आद्याक्षराने लावावीत, अपवाद नाही.

आहे नियम, असं मी म्हटलं आणि चहा ठेवायला आत गेले. बाहेर ते अजून पानं उलटत होते. थोड्या वेळाने त्यांनी तिथूनच विचारलं, "तुझ्याशिवाय जीप येते का गं आता?" येते, मी म्हटलं. आणि पुढच्या जागेवर कोण बसतं, हे त्यांनी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.